शेवटपर्यंत जाणारा टोनआर्म

माझ्या जुन्या टर्नटेबलचा टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा हात, मोडून वीस वर्षं झाली होती. मोटर अजून ठणठणीत. पण त्याला कुठलाही टोनआर्म चालत नाही, हे आमच्या फणसवाडीत कुणाला सांगणार? मधल्या खिळ्यापासून आर्मच्या बुडापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये जुळावं लागतं. सुईचं कार्ट्रिज ताठ असेल तर आर्म जड लागतो, नाहीतर आवाज बिघडतो. चार महिने मी हेच जुळवत बसलो होतो. आमच्या लग्नाच्या वेळी पत्रिका बघतानासुद्धा एवढा काथ्याकूट झाला नव्हता.

हा सगळा खटाटोप एका तबकडीसाठी. चौऱ्याहत्तर साली दुर्गाचं स्थळ आलं, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, पत्रिकेसोबत ती पाठवली होती. ओळखीच्या स्टुडिओत करून घेतलेली, एकच प्रत. "मुलगी गाते," म्हणाले. बघण्याच्या कार्यक्रमात नेमका तिचा घसा बसलेला. मी त्या तबकडीवरच होकार दिला. लग्नानंतर ती कधीच गायली नाही; संसारात राहून गेलं म्हणायची. मला आता सत्त्याहत्तरावं लागलंय. मरण्याआधी बायकोचा तो आवाज पुन्हा ऐकायचा होता, बस.

"अहो, आपोआप उचलला जाणारा घ्या ना, पहिल्यासारखा," दुर्गा तीनदा म्हणाली. "गाणं संपलं की सुई वर. बरं असतं ते."

"तसले आर्म हलके असतात! तुला यातलं काय कळतं?" मी खेकसलो.

लॅमिंग्टन रोडचा राजेश जुने प्लेअर दुरुस्त करतो. त्यानेही मान डोलावली. "काका, जडवालाच घ्या. हाताने उचलायला लागेल, पण साउंड एकदम कडक."

रविवारी सकाळी त्याने आर्म बसवला, तोल साधून दिला आणि गेला. मी तबकडी ठेवली, सुई टेकवली. तोच आवाज! माझे डोळे भरून आले. दुर्गा मात्र दाराशीच उभी होती, पदर मुठीत धरून.

"तबला जरा अंगावर येतोय," मी म्हणालो. "राजेशला सांगतो, सेटिंग बदलून दे म्हणून."

गाणं संपलं. जुना आर्म इथेच उचलला जायचा. हा पुढे सरकत राहिला. दुर्गा धावत आली आणि तिने सुईकडे हात नेला.

"हात लावू नकोस, सुई जाईल!" मी ओरडलो आणि तिचं मनगट धरलं.

तेवढ्यात स्पीकरमधून सासरे बोलले. "शाब्बास, वैदेही! काय गायलीस! आणि दुर्गे, तबला जरा हळू वाजवायचा गं."

वैदेही म्हणजे माझी मेहुणी, इंदूरला असते. जुना आर्म मोडेपर्यंत, तब्बल तीस वर्षं मी आल्यागेल्याला मेहुणीचं गाणं बायकोचं म्हणून ऐकवत होतो!

"फसवलंत मला," मी कसाबसा बोललो. "सगळ्यांनी मिळून."

"तबला वाजवते म्हटलं की स्थळं उठून जायची," दुर्गा म्हणाली. "तीन गेली. मग अण्णांनी सांगितलं, गाते म्हणू या."

"मग नंतर तरी सांगायचंस!"

"कधी सांगणार होते? तुम्ही गाणारी बायको आणली होती. मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं, घरात एक तबला आणू या का. तुम्ही हसलात. म्हणालात, वाजवणार कोण?"

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. तिने मनगट सोडवून घेतलं आणि स्वतःच सुई उचलून बाजूला ठेवली.

"आणि सेटिंग बरोबर आहे," ती म्हणाली. "मी तेवढ्याच जोरात वाजवायचे."