सासूबाईंचा अंगठा

सासूबाई गेल्या, पण त्यांचा अंगठा माझ्या मनगटावरच राहिला. वेड लागलंय म्हणा हवं तर. दवाखान्यात कॅन्सरचं औषध नळीतून चढवून घरी आले की दुपारी पोट ढवळायला लागायचं, आणि नेमकं तेव्हाच मनगटाच्या आतल्या बाजूला कुणीतरी दाबतंय असं वाटायचं. डोळे उघडावेत तर कुणी नाही. पलंगाशेजारी त्यांची खुर्ची तेवढी.

आमचं कधी पटलं नाही, हे अख्ख्या घराला ठाऊक. माझ्या प्रत्येक भाजीत त्यांना मीठ कमी लागायचं. पण उलटीच्या गोळीनेही भागेना, तेव्हा नर्सने गोळीच्या जोडीला मनगटावरची ती जागा दाखवली, आणि शिकून घेतली ती सासूबाईंनीच. तोंडाचा पट्टा चालू आणि अंगठा जागच्या जागी. पाण्याचे चार घोट तरी पोटात टिकायचे. मग एका सकाळी त्या झोपेतच गेल्या. आजारी मी, आणि गेल्या त्या. तिथेही पहिला नंबर त्यांनी सोडला नाही.

नवरा बिचारा धडपडायचा. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं मोजायची, तर हा आपली जाडजूड बोटं ठेवून भलतीकडेच दाबत बसायचा. त्या दिवशी मी त्याचा हात झटकला.

"पुरे झालं. पुढच्या खेपेला मी जाणार नाही. सांगून टाक डॉक्टरांना."

तो खोलीबाहेर गेला, सासऱ्यांशी काहीतरी कुजबुजला, आणि थोड्या वेळाने कामावर गेला.

मी भिंतीकडे तोंड करून पडले. तेवढ्यात बाहेर सपाता वाजल्या. सासूबाईंच्याच. डावीचा पट्टा सैल होता, ती फरफटायची. दाराशी येऊन आवाज थांबला. रोज दुपारी थांबायचा. मी कुणाला सांगितलं नव्हतं. अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटली आणि रागही आला.

"या ना आत," मी म्हटलं. "बाहेरून काय छळता?"

दार उघडलं. सासरे उभे होते. पायांत सासूबाईंच्या सपाता, टाचा मागे बाहेर आलेल्या.

"रोज येतो," ते म्हणाले. "आत यायचा धीर होत नाही."

ते खुर्चीत बसले. "बघू का?" म्हणत माझा हात घेतला. माझीच तीन बोटं माझ्या मनगटावर आडवी ठेवली, आणि ती संपली तिथे, दोन शिरांच्या मधे, अंगठा टेकवला. तीच जागा, तोच दाब. मला रडूच कोसळलं.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुला दुखू नये म्हणून आधी माझ्यावर हात बसवला तिने. ओरडलो की म्हणायची, सुनेसाठी एवढंही सोसवत नाही?"

रडता रडता मला हसू आलं. मळमळ पुरती गेली नाही, पण घशाशी आलेलं खाली उतरलं.

"जाणार नाहीस म्हणे?"

"नाही सोसवत, बाबा."

ते बराच वेळ दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, "असं दाबलं की ती इथे असते गं. तू औषध थांबवलंस तर ती कुठे जाईल?"

खरं तर मला राग यायला हवा होता. जीव माझा, हाल माझे. पण राग आला नाही.

"पुढच्या खेपेला सकाळी लवकर निघावं लागेल," मी म्हटलं, आणि दुसरा हात पुढे केला.