शेवटच्या सुरांआधीची जांभई

बाईंच्या पियानोच्या ज्या रेकॉर्डवर जग फिदा आहे, तिच्यात मीही आहे. तरुणपणी मी त्यांची पानं उलटायचो. त्या वाजवायच्या, मी डावीकडे खुर्चीच्या टोकावर बसायचो, आणि त्यांनी मान हलवली की स्वरलिपीचं पान उलटायचो. एवढंच काम. ते करताना आवाज करायचा नाही, हलायचं नाही, आणि शक्यतो असायचंच नाही.

त्या रेकॉर्डवर संथ भागाच्या शेवटी बाई थांबतात आणि त्या शांततेत एक खोल श्वास ऐकू येतो. जाणकारांनी त्या श्वासावर रकानेच्या रकाने भरले. एकाला त्यात विरह दिसला, दुसऱ्याला मुक्ती. ती माझी जांभई होती. दुपारचं भरपेट जेवण आणि गार खोली, माणूस काय करणार?

हे मी भेटेल त्याला सांगत आलोय. सुनेच्या माहेरच्यांना तर दोनदा ऐकवलं. बायको म्हणते, हा आवाज मी रोज फुकट ऐकते, त्यासाठी रेकॉर्ड कशाला? पण खरं सांगतो, मिरवावं असं माझ्याकडे तेवढंच आहे.

आणि मग एक दिवस स्टुडिओतून फोन आला. जुनं ध्वनिमुद्रण साफ करून रेकॉर्ड नव्याने काढायची होती, आणि इंजिनिअरला तो श्वास खटकत होता. तो डावीकडच्या माइकमध्ये जास्त येतो, तेव्हा बाईंचा नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंनी मला बोलवायला सांगितलं होतं.

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाई आता काठी घेऊन चालतात, कान मात्र शाबूत आहेत. मी कलेच्या बाजूने बोलायला लागलो. जिवंतपणा, त्या क्षणाचं सत्य, असले शब्द वापरले. माझ्या जांभईची वकिली इतक्या पोटतिडकीने केली की मलाच भरून आलं. इंजिनिअरने जांभई काढून तो तुकडा लावला.

नुसती शांतता. ती संपतच नव्हती. मग इतकी वर्षं जांभईखाली दबलेली पानाची सळसळ ऐकू आली, आणि लगेच शेवटचे सूर.

“मी मान हलवली होती,” बाई म्हणाल्या. “पान समोर आल्याशिवाय माझे हात खाली जात नाहीत. तुमचं तोंड उघडं होतं, म्हणून थांबले.”

जगाने वाखाणलेलं ते थांबणं म्हणजे माझा उशीर होता. मी माफी मागू लागलो, तर त्यांनी काठी आपटून गप्प केलं. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे प्रत्येक मैफलीत तिथे थांबावं लागलं, असं त्या म्हणाल्या. माझ्यानंतर आलेले सगळे पान वेळेवर उलटायचे, तरी त्या थांबायच्या.

मग इंजिनिअरकडे वळून म्हणाल्या, “जांभई काढा. थांबणं राहू दे, तेही यांचंच आहे.”

मला हसावं की रडावं कळेना. थोडं रडलोच.

नवी रेकॉर्ड आली तेव्हा सगळ्यांना बसवून लावली. ती जागा आली आणि गेली. जांभई कुठे गेली, बायकोने विचारलं. मी छाती फुगवून सगळी हकिगत सांगितली आणि आता ती अख्खी शांतताच माझी आहे, असं जाहीर केलं.

“म्हणजे वेळेवर काम न केल्याबद्दल नाव झालं तुमचं,” ती म्हणाली. मग तिने सुई उचलून तो तुकडा पुन्हा लावला, आणि ती शांतता संपेपर्यंत कोणालाही बोलू दिलं नाही.