शर्टाच्या खिशातले दोन डायोड

सोमवारी संध्याकाळी लेक आणि जावई मोटारसायकलचे नवे इंडिकेटर दाखवायला आले, तेव्हा इलेक्ट्रिशियनबुवांच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्यांचा ठसका गुरुवारपर्यंत गेला नाही.

तशी गोष्ट एवढीशी. जुने फुगीर इंडिकेटर काढून जावयाने बोटाएवढे बारीक एलईडीचे बसवले होते. पण त्या गाडीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. लेक घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. तिला रस्त्यात कधी अडकायला लागू नये म्हणून बुवांनी त्या गाडीची एकूण एक वायर स्वतः बदलली होती. आणि हा मास्तर, शाळेत भूगोल शिकवणारा, मोबाईलवर व्हिडिओ बघून तिथे पक्कड घालतो म्हणजे काय!

"जुने टाकवेनात, बाबा," असं म्हणत मास्तरने चारही जुने इंडिकेटर वर्तमानपत्रात गुंडाळून सासऱ्याच्या हातात ठेवले. "तुमच्या हातचे आहेत." बिचारा मनापासून बोलला. बुवांना ते चपराकीसारखं लागलं.

त्यांनी चष्मा चढवून खोट शोधली. सांधे नीट पिळलेले, टेप सफाईने गुंडाळलेली. नावं ठेवायला जागा नाही. वर लेक म्हणते, "एका रविवारात केलं हं यानं!" हे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो लहानपणापासून फक्त बुवांसाठी राखीव असायचा.

लेक कप ठेवायला आत गेली. मास्तरने गाडीवर बसून डावं बटण दाबलं. इंडिकेटर चालू आहे हे दाखवणारा त्याच्यासमोरचा छोटा पायलट दिवा लुकलुकला आणि स्वारी खूश. बुवा मात्र गाडीच्या पुढे उभे होते. त्यांना डावा दिसला आणि उजवाही दिसला, दोन्ही एका तालात. दोन्ही बाजूंना मिळून एकच पायलट असलेल्या गाडीत असं होतं. एलईडीला थेंबभर करंट पुरतो, आणि तो थेंब पायलटमधून पलीकडे झिरपतो. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे बारके दोन डायोड जोडले की काम फत्ते. बुवांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. "छान झालंय," एवढंच म्हणाले.

बायकोला त्यांचा आंबट चेहरा पाठ होता. "जावयाचं कौतुक बघवत नाही ना तुम्हाला?"

"मला काय करायचंय त्याच्याशी!"

करायचं होतं ते एवढंच, की फोन वाजावा आणि लेकीने म्हणावं, बाबा, याला नाही जमलं, तुम्हीच या. त्याच रात्री त्यांनी दोन डायोडना वायरी जोडून ते शर्टाच्या खिशात ठेवले. मंगळवारी शर्ट बदलला, डायोड नव्या खिशात गेले. बुधवारीही तेच. फोन काही वाजला नाही.

गुरुवारी त्यांच्या मनात भलतीच पाल चुकचुकली. मास्तरला स्वतःच उपाय सापडला असला तर? मग आपण संपलोच. वायरी डागायचं कथील आणायला जातो असं बायकोला सांगून त्यांनी स्कूटर काढली आणि लेकीच्या परतीच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानापाशी जाऊन उभे राहिले. पाचच्या सुमारास ती गेली. बुवा मागे निघाले. तिला आरशात दिसू नये म्हणून एका टेम्पोच्या आडून.

पुढे तिठा होता. डावीकडे बुवांची गल्ली, उजवीकडे तिचं घर. टेम्पो मध्येच थांबला, बुवा त्याच्या कडेने बाहेर पडले, तोच तिने इंडिकेटर दिला. मागचे दोन्ही दिवे लुकलुकले. नाही जमलं मास्तरला! बुवांना इतका आनंद झाला की काय सांगावं. आता ही घरी जाईल, आज ना उद्या कळेल, फोन करेल. तिच्या आधी आपण सटकावं. ती उजवीकडेच जाणार, दुसरीकडे कशाला जाईल आता? त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरला पीळ दिला आणि तिच्या डावीकडून स्कूटर पुढे घातली.

ती डावीकडे वळली.

आवाज फार मोठा झाला नाही. गाडी आडवी, लेक रस्त्यावर, डावा इंडिकेटर तुटून वायरीला लोंबकळत तरीही लुकलुकतोय. बुवा धावले. ती उठून बसली होती, तळहात सोलवटला होता, मनगट सावकाश फिरवून बघत होती.

"बाबा? तुम्ही?"

"लागलं का गं, ठमे? मोडलं नाही ना?"

"नाही, हलतंय. मागे कुणी दिसलं नाही म्हणून हात दाखवला नाही. अहो, तुमच्याकडेच येत होते मी. आज दुपारी एका पेशंटच्या मुलाने सांगितलं, दोन्हीकडचे दिवे लागतायत म्हणून. याला फोन केला, तर म्हणाला, सरळ बाबांकडे जा, हे माझ्या आवाक्यातलं नाही. शाळा सुटली की मीही येतो, त्यांना बॅटरी धरायला."

तळहाताचं रक्त पुसायला त्यांनी खिशातला रुमाल ओढला, आणि त्याबरोबर दोन डायोड तिच्या मांडीवर पडले. वायरी जोडलेले, तयार.

ती इलेक्ट्रिशियनची मुलगी होती. तिने ते उचलून पाहिले, मग लोंबकळणाऱ्या इंडिकेटरकडे पाहिलं.

"कधीपासून आहेत खिशात?"

थाप मारता आली असती. कथील घ्यायला गेलो, तेव्हाच घेतले, असं. पण रक्त अजून येत होतं.

"सोमवारपासून," बुवा म्हणाले.

ती उठली, गाडी उभी केली, डायोड आपल्या पर्समध्ये टाकले.

"चल घरी, मी आत्ता लावतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"कसे लावायचे ते मेसेज करा," ती म्हणाली. "तो लावेल."

तिने गाडी सुरू केली, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला नीट दिसावा म्हणून उजवा हात लांबलचक बाहेर काढून उजवीकडे वळली.