आता आपण गरीब नाही

पूर्वी देशाकडे परदेशात विकायला चहाशिवाय दुसरं काही नव्हतं. चहाचा भाव पडला की अख्खा गाव तोंडं पाडून हिंडायचा. मग सरकारने शर्टांचा कारखाना आणला आणि वहिनी तिथे सुपरवायझर झाली. नणंदेला चहाच्या कारखान्यातून तिनेच ओढून आणलं.

"पानं निवडण्यात जन्म घालवणार का? कॉलर लावायला शीक. चहा बुडाला तरी शर्ट तारेल."

नणंद शिकली. तिची कॉलर इतकी चोख बसायची की वहिनी नव्या बायकांना तिच्याच शेजारी बसवायची. भाऊ थट्टेने म्हणायचा, "घरात दोन साहेब, आणि मी एकटा शिपाई."

एका दुपारी मशिनी थांबवून मिठाई वाटली गेली. मॅनेजरने माईक हातात घेतला. देशाची भरभराट झाली होती, अतिगरीब देशांत आता आपली गणना होणार नव्हती. नणंदेने तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांचा अर्थ पुढे कळला. गरीब म्हणून आपल्या मालाला परदेशात जकात माफ होती. ती आता लागू झाली. शर्ट महागला, गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. मशिनी शेजारच्या देशात निघाल्या. तो देश अजून गरीब होता. तिथल्या बायकांना शिकवायला मॅनेजरने वहिनीला विचारलं.

तिने घरी भाजी चिरता चिरता विषय काढला.

"आणि मी?" नणंदेने विचारलं.

"मला एकटीलाच बोलावलंय गं."

"चहावाल्यांकडे जाऊन आले मी. ते हसले. म्हणाले, 'शर्टवाल्या बाई, वाट चुकलात का?'"

भाऊ पेपरातून मान वर न करता म्हणाला, "कुणीतरी कमवायला हवंच ना."

"जा की वहिनी," नणंद म्हणाली. "त्यांना कॉलर शिकव. आणि एवढं बजावून सांग, बायांनो, गरीबच राहा. सुधारलात तर उपाशी मराल."

वहिनीला हसू फुटलं. मग तिने विळी बाजूला सारली आणि पदराने तोंड दाबून धरलं. नणंदेने तिला जवळ घेतलं नाही.

वहिनी निघाली, तेव्हा निरोप द्यायला एकटा भाऊच होता. सरकारने आता पर्यटन आणलं होतं. नव्या हॉटेलात चादरी बदलायला बायका हव्या होत्या आणि नणंद तिथल्या रांगेत उभी होती. पुढच्या-मागच्या बहुतेक जणी तिच्याच कारखान्यातल्या होत्या.