वाळूत ओतलेलं पाणी

"आधी तू पी," द्वारपाल इद्दिन म्हणाला.

नुप्ताने खांद्यावरचा घडा उतरवला, ओंजळभर पाणी काढलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्यायली. युफ्रेटिसचं कोमट, मातकट पाणी. नदीपासून राजवाड्याच्या न्हाणीघरापर्यंत तिने जन्मभर तेच वाहिलं होतं. राजे बदलले, घडे फुटले, वाट तीच राहिली. पण पाणी आणणारीवरच संशय घ्यायची वेळ बाबिलोनमध्ये तिने कधी पाहिली नव्हती.

"मेले नाही ना? सोड आता."

"जरा पोटात पोचू दे की, मावशी!" इद्दिन हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "वरून हुकूम आहे, राजाकडे जाणारं पाणी आधी आणणाऱ्यानं प्यायचं. सिंधूपर्यंत मुलूख पालथा घातलेला गडी नुसत्या तापानं आडवा होतो होय? कोणी म्हणतं विष, कोणी म्हणतं दारू. तुला काय वाटतं?"

घडा उचलता उचलता नुप्ता थबकली. "मीच मारतेय त्याला," ती म्हणाली.

इद्दिन खो खो हसला. हसता हसता त्याने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे परत बोलू नकोस. आज इथे थट्टाही खरी धरतील."

ती थट्टा नव्हती.

नुप्ताच्या घरात जमिनीत मातीची एक नळी पुरलेली होती. खाली नवरा, सासरे, सासऱ्यांचे वडील कायमचे झोपलेले. दर अमावास्येला एकेकाचं नाव घ्यायचं आणि नळीत पाणी सोडायचं. नाव घेतलं की ते त्याला पोचतं. जिवंत माणसाचं नाव मात्र चुकूनही घ्यायचं नाही. खालचे त्याला ओढून नेतात. म्हणून नुप्ता आपल्या मुलाचं, रिमूतचं नाव घेत नव्हती. तो या परक्या राजाच्या फौजेमागून ओझी वाहत पूर्वेला गेला होता. फौज परतली, तो परतला नाही.

गेल्या अमावास्येला त्याच्या सोबतचा एक हमाल घरी आला. परतीच्या वाळवंटात रिमूत तहानेने खाली बसला तो बसलाच, म्हणाला. मग तिला बरं वाटावं म्हणून की काय, तो राजाचं कौतुक सांगू लागला. "कोणीतरी कुठून तरी शिरस्त्राणभर पाणी पैदा केलं, राजापुढे धरलं. पण मन केवढं बघा! माझी माणसं तहानलेली असताना मी पिणार नाही म्हणाला, आणि सगळ्यांदेखत वाळूत ओतून दिलं."

"ओतलं?" नुप्ता म्हणाली. "कोणाला दिलं का नाही?"

हमालाला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी काशाया, तिची नणंद, नळीपाशी म्हणाली, "वहिनी, आता तरी घे त्याचं नाव. पोर खाली कोरड्या घशानं हिंडतंय." नुप्ताने लोटी वाकवली, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं राजाचं नाव. काशायाने तिच्या तोंडावर हात दाबला, पण पाणी केव्हाच खाली गेलं होतं. त्याच महिन्यात राजाला ताप भरला.

इद्दिनने आत सोडलं, तेव्हा न्हाणीघरालगतच्या दालनातून सैनिक राजाला शेवटचं पाहून एकामागून एक चालले होते. एवढी माणसं, पण पावलांचा आवाज नाही. नदीच्या तळाशी चालावीत तशी. कोणी रडत होतं, तेही ओठ मिटून. पडद्याच्या फटीतून नुप्ताला राजाच्या पलंगाचा एक कोपरा दिसला. तिच्याच घड्यातल्या पाण्यात कापड भिजवून कोणीतरी त्या ओठांवर पिळलं. ओठ हलले. गिळवेना. पाणी हनुवटीवरून ओघळून उशीत जिरलं.

ती रिकामा घडा घेऊन बाहेर आली. दिवस कलेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या अमावास्येच्या संध्याकाळी शहरात कोणी दिवा लावेना. खजुरीच्या बनावर धुळीसारखा उजेड तरंगत होता. काशाया नळीपाशी वाट पाहत बसली होती.

"गेला म्हणे."

"हं."

"तुझ्या जिभेनं गेला की दारूनं, देव जाणे. पण तोंड मीट."

नुप्ताने नवऱ्याचं नाव घेतलं, सासऱ्यांचं घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं. मग लोटी काठोकाठ भरून तिने नळीवर धरली.

"रिमूत," ती म्हणाली.

पाणी गुडगुडत खाली गेलं. काशायाने पदर तोंडात कोंबला. नुप्ताने पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पोराने नको म्हणावं इतक्यांदा. मग आणखी एकदा लोटी भरली.

"आता कोणाला?"

"गेल्या खेपेला ज्याचं नाव घेतलं त्याला. एकदा घेतलं की त्याला पाणी देणं लागतं."

"त्याला?" काशाया उसळली. "पोराच्या वाट्याचं पाणी ज्यानं मातीत घातलं त्याला? त्याचे सरदार काय मेले?"

"ते गादीसाठी भांडताहेत. पाणी कोण देणार?" नुप्ता म्हणाली. "तहानेनंच गेला तोही, काशा. मी पाहिलं."

काशाया तोंड फिरवून बसली. नुप्ता मात्र लगेच ओतेना. रिमूतचं पाणी खाली पुरतं मुरेपर्यंत ती नळीला कान लावून थांबली. मग राजाचं नाव घेतलं आणि एक थेंबही बाहेर न सांडता लोटी रिती केली.