नाव घातलेला माल परत नाही

केजच्या बाजारपेठेत रेवणसिद्धआप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, अन् दुकानात गादीच्या वर एक पाटी होती. बावीस वर्षांपूर्वी आप्पांनी ती स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही.' गिऱ्हाइकानं हंडा निवडावा, तराजूत तो तोलून घ्यावा, मग आप्पांनी विजेची लेखणी उचलावी आणि घर्रर्र करीत काठावर नाव कोरावं. कोणाकडून, कोणाला, कोणत्या तारखेला. कोरण्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. म्हणायचे, "तराजूतनं उतरेपस्तोर माल दुकानाचा. नाव पडलं की माणसाचा."

भावाची त्यांची दोनच सूत्रं होती. नव्याला वजन आणि जुन्याला मोड. भांडं चेपलं, गळलं, बुडातून गेलं तरी मोडीत घातलं की चार पैसे हातात पडतात. माणसाला वस्तूचा आधार वाटतो तो त्यामुळंच, असं त्यांचं मत. या दोन सूत्रांवर त्यांनी दुकान चालवलं, लेकीला शिकवलं. आणि दोन हजार बारा सालच्या आषाढात त्याच लेकीच्या एका फोननं ती दोन्ही सूत्रं त्यांच्या हातातून निसटली.

फोनचं कारण होतं घरातलं माणूस. आप्पांच्या बायकोला, शांतादेवीला, अख्खी गल्ली अव्वा म्हणायची. श्रावण लागला की दुपारी दुकानामागच्या ओसरीत ती पोथी वाची आणि गल्लीतल्या बाया धुणी-भांडी आवरून ऐकायला येत. वर्षामागून वर्षं असं चाललेलं. पण गेल्या साली तिच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलं. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आहे ते सांभाळा. बारीक अक्षर आता दिसायचं नाही." तरी गेल्या श्रावणात तिनं अर्धं दिसत, अर्धं आठवत रेटलं. एका जागी मात्र अडली. पुढची ओळ ना डोळ्यात आली ना ओठात. पहिल्या रांगेतली बायनाबाई काही बोलली नाही, नुसता पदर सारखा करत राहिली. त्या गप्प बसण्याचा घाव शांतादेवीला बोलण्यापेक्षा खोल लागला.

"औंदा जमलं न्हाई तर पोथी मठात देऊन टाका," ती आप्पांना म्हणाली होती. "मिटलेली पोथी घरात ठेवू न्हाई."

आता श्रावणाला अठरा दिवस उरले होते. आणि पुण्याहून लेकीचा, रुद्राणीचा, फोन आला.

"आप्पा, पुस्तकं वाचायचं यंत्र निघालंय. शाळेच्या पाटीपेक्षाही लहान. अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येतं. अव्वाच्या डोळ्यांना त्रास नाही."

"केवढ्याला?"

"सात हजार."

आप्पांनी गादीवरचा कागद ओढला. "त्यात पुस्तकं किती येत्यात?"

"पुस्तकं वेगळी घ्यायची."

"म्हंजे यंत्र रिकामंच?"

"रिकामंच."

हे आप्पांना समजलं. हंडा विकणारा काही पाणी भरून देत नाही. "वजन किती?"

"काय आप्पा! दोनशे ग्रॅमसुद्धा नसेल."

कागदावर पेन्सिल फिरली. सात हजारांत पितळ घेतलं तर सोळा किलो येत होतं. चांदी घेतली तर सव्वाशे ग्रॅम. म्हणजे ही वस्तू चांदीहून स्वस्त आणि पितळेच्या ऐंशीपट महाग. असा कोणता धातू जगात आहे, हे त्यांना आठवेना.

"कशाचं असतंय ते?"

"प्लास्टिकचं."

"बरं, पुस्तकं केवढ्याला?"

"काही फुकट. काही पन्नासला. एखादं कागदी पुस्तकापेक्षा महागसुद्धा."

"कागद न्हाई, शाई न्हाई, शिलाई न्हाई, आन् महाग?"

"असतं तसं."

"वाचून झालं की बायनाबाईला देता येईल न्हवं?"

"नाही आप्पा. ते आपलं असतं, पण देता येत नाही."

"मग आपलं कसं? आन् जुनं झालं तर मोडीत काय येईल?"

"काही नाही येणार. आप्पा, पैसे मी देतेय. तुम्ही फक्त हो म्हणा."

आप्पा हो म्हणाले. पण हो म्हणताना अंधाऱ्या विहिरीत पोहरा सोडावा आणि पाणी लागल्याचा आवाजच येऊ नये, तसं त्यांना झालं.

समोर जावेदचं मोबाईलचं दुकान होतं. जावेदचा बाप पाशाभाई आप्पांच्या भांड्यांना कलई करायचा. बाप गेला, भट्टी विझली आणि लेकानं त्याच जागेत मोबाईल दुरुस्ती टाकली. आप्पा रस्ता ओलांडून त्याच्या काउंटरवर टेकले आणि सगळं सांगितलं.

जावेद हसला. "आप्पा, लुगड्याचा भाव किलोवर विचारता का कधी?"

"लुगडं फाटलं तर गोधडी होती. ह्याचं काय हुईल?"

"बरं, मोबाईल घेतला तवा बोलणं बरोबर आलतं का? रिचार्ज वेगळा मारता न्हवं?"

"पन बोलतो मीच की! तोंड माजं, शब्द माजे."

"मंग त्याचे पैसे कावून देता?"

दहा वर्षं ते रिचार्ज मारत होते, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. आले होते त्याहून जास्त गोंधळून ते परत गादीवर येऊन बसले. "तुजा बाप कलई करायचा तवा भांड्याच्या आत चकाकी तरी दिसायची," तिथूनच ते ओरडले. "तू काय करतो ते काईच दिसत न्हाई!"

पार्सल आलं तेव्हा श्रावणाला आठ दिवस होते. खोक्यातून करड्या रंगाची, पातळ, थंडगार वस्तू निघाली. संध्याकाळी जावेद येऊन ती चालू करून देणार होता, तेव्हाच शांतादेवीच्या हातात द्यायची असं ठरलेलं. आप्पांनी ती उलटीपालटी करून पाहिली. वजन नाही, नाद नाही. टिचकी मारली तर मुकी. आणि देणाऱ्याचं नाव नाही. या घरात बिननावाची भेट कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. शांतादेवीच्या पाणी प्यायच्या तांब्यावरसुद्धा तिच्या भावाचं नाव होतं. आप्पांनी मऊ फडकं अंथरलं, ती वस्तू पालथी ठेवली आणि लेखणी लावली. प्लास्टिक लोण्यासारखं मऊ लागलं. हात हलका ठेवून त्यांनी कोरलं: 'चि. रुद्राणीकडून ती. अव्वा शांतादेवी यांस', खाली तारीख. त्या दिवसात पहिल्यांदा त्यांना वाटलं की ही वस्तू आपल्याला थोडी थोडी समजायला लागली.

संध्याकाळी गिऱ्हाईक विरळ झाल्यावर जावेद आला. शांतादेवी गादीशेजारी बसली. फोनच्या स्पीकरवर पुण्याहून रुद्राणी होतीच. जावेदनं कुठंसं दाबलं, अक्षरं आली. पुन्हा दाबलं, ती फुगत फुगत चण्याएवढी झाली.

"दिसतंय का, अव्वा?"

"दिसतंय की रे! लई सपष्ट दिसतंय." शांतादेवी पुढं वाकली. मग हळूच म्हणाली, "पन हे इंग्रजी हाय."

"मराठी आणतो ना." जावेद शोधत राहिला. एक पान, दुसरं पान. त्याच्या कपाळावर आठी पडली. "रुद्राणीताई, ह्या यंत्राच्या पुस्तकांच्या दुकानात मराठी काईच न्हाई दिसत."

"मी धरूनच चालले होते," रुद्राणी फोनमधून म्हणाली, आणि तिचा आवाज लहान झालेला होता. "मराठी असेलच म्हणून. बघितलंच नाही मी. राहू द्या, परत पाठवू. दहा दिवसांच्या आत पाठवलं की सगळे पैसे परत देतात."

"मंग काय अडचण न्हाई," म्हणत जावेदनं यंत्र खोक्यात घालायला पालथं केलं. आणि थांबला.

"आप्पा, हे काय?"

"नाव."

"कुणी घातलं?"

"कुणी म्हंजे? मीच."

"पन कावून?"

"देणं हाय ते. बिननावाचं कसं द्यायचं?"

जावेदची नजर सावकाश वर गेली, गादीच्या वर, पाटीवर. आप्पांचीही गेली. "काय झालं? कुणी बोलेना का?" रुद्राणी विचारत होती.

"तिकडल्यांनीबी अशी पाटी लावली आसंल?" आप्पांनी पडेल आवाजात विचारलं.

"पाटी न लावता बी तेच असतंय, आप्पा."

एकदा एका बापानं लेकीचं ठरलेलं लग्न मोडल्यावर आंदणाच्या पाच पराती परत आणल्या होत्या, पाचहींवर नवऱ्या मुलाचं नाव. आप्पांनी पाटीकडं बोट दाखवलं होतं. तो बाप पराती डोक्यावर घेऊन गेला. त्याचं तोंड इतक्या वर्षांनी आज डोळ्यांपुढं आलं. आता आपल्यापाशी काय उरलं, ते आप्पा मनात जुळवायला लागले: रिकामा हंडा, ज्यात आपल्या आडाचं पाणी ठरत नाही, जो मोडीत जात नाही आणि परतही जात नाही. याला वस्तू म्हणायचं तरी कसं?

"द्या बरं इकडं," शांतादेवी म्हणाली.

तिनं यंत्र मांडीवर पालथंच घेतलं. डोळे दुसरीकडंच होते. उजव्या हाताचं बोट पाठीवरून सरकत होतं, तांदळातला खडा शोधावा तसं. बोट थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

"शां," ती म्हणाली. "ता. दे. वी."

वर्षभरात तिनं वाचलेला तो पहिला शब्द होता. मग ती जात्यावर बसल्यासारखी डोलली आणि अर्ध्या आवाजात तिच्या तोंडून ओवी आली:

नवा हंडा माझ्या दारी, वर नाव कोरियेलं
डोळा फितूर गं झाला, मी गं बोटानं वाचियेलं

"हे न्हाई जायचं परत," ती म्हणाली. "ह्याच्यावर मला वाचाया येतंय."

"अव्वा, ते पाठीवर हाय," जावेद म्हणाला. "वाचायचं तोंडावर असतंय."

"मंग तोंडावर तुमी आणा. एवढे शाणे हाव की दोघं."

दुसऱ्या दिवशी जावेदनं पोथीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ते यंत्रात घातले. पोथी जुनी, कागद पिवळा, शाई फुटलेली. अक्षर मोठं केलं की ओल्या भिंतीवर बुरशी पसरावी तसं पसरायचं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या द्यायला आलेली शांतादेवी त्या दोघांच्या पडलेल्या आवाजावरनं समजली. पाटीच्या दिशेनं हात करून म्हणाली, "ह्येंचं अक्षर काय वंगाळ हाय का? ती पाटी तर रस्त्यावरनं वाचत्यात लोक."

तेव्हा माळ्यावरून रुद्राणीची शाळेची दगडी पाटी खाली आली. आप्पा पोथी समोर ठेवून खडूनं एक ओवी लिहायचे, ठसठशीत, एकेक काना टाकासारखा सरळ. जावेद फोटो काढायचा. आप्पा ओल्या फडक्यानं पुसायचे, दुसरी ओवी लिहायचे. पुसताना पहिल्यांदा त्यांचा हात अडखळला.

"पुसू?"

"पुसा की. आलं ते यंत्रात."

"पुसलं, तरी हाय?"

"हाय, आप्पा."

काळ्या पाटीवरचं पांढरं अक्षर यंत्रात गेल्यावर पांढऱ्यावर काळं होऊन आलं. ते कसं, हे जावेदनं दोनदा समजावलं आणि आप्पांनी दोन्ही वेळा मान डोलावली; कळलं एकदाही नाही.

"फोटोचे किती द्यायचे?" आप्पांनी विचारलं.

"अब्बांना कलईचे कसे देत होता?"

"वजनावर."

"मंग ह्याचं वजन करा आन् द्या."

श्रावण लागला तोवर एकच अध्याय झाला होता. बाकीचे रोज सकाळी लिहायचे, दुपारी वाचायचे, असं ठरलं. पहिल्या दुपारी ओसरी भरली. शांतादेवीनं त्या करड्या वस्तूला हळदकुंकू वाहायला बोट उचललं, तसा जावेद दारातूनच ओरडला, "अव्वा, पाठीवर! नावावर लावा, तोंडावर नगं!" बाया खळखळून हसल्या.

वाचण्याआधी बायनाबाईनं मान पुढं काढली. "आप्पा, ही पाटी केवढ्याला पडली वो?"

आप्पा दुकान आणि ओसरी यांच्यामधल्या दारात उभे होते. भाव सांगणं हा त्यांचा जन्माचा धंदा. सात हजार म्हणावं तर ते रिकाम्याचे झाले. आत जे आलं त्यातली ओवी पोथीची, अक्षर आपलं, खडू बाराण्याचा, मेहनत जावेदची आणि तिचं वजन होत नव्हतं. त्यांनी एकदा बोटं मोजली, पुन्हा पहिल्या बोटावर आले.

"सांगतो," ते म्हणाले. "काढतोय अजून."

आतून वाचनाचा आवाज सुरू झाला. गेल्या साली अडली होती ती जागा याच अध्यायात होती. दुकानात कोणी तरी "मालक, कळशी दाखवा" म्हणत होतं, पण आप्पा हलले नाहीत. बायनाबाईचा हात पदराकडं गेला होता. शांतादेवीनं यंत्र नाकाजवळ आणलं, पुढची ओवी सरकवली आणि न थांबता वाचत गेली. तिचे डोळे पुढच्या अक्षरांवर होते, आणि मागच्या बाजूला तिचं बोट तिच्या नावावरून हळूहळू फिरत होतं.