नऊ मार्कांचं व्हाय-व्हाय

माझं नाव समाधान. आईबापांनी ठेवलंय, त्यात माझा काही दोष नाही. माझा आवाज जरा चढा लागतो, कारण आठ-आठ तास मशिनींच्या गोंगाटात बोलायची सवय. निदान मी तरी लोकांना हेच कारण सांगतो. माझी बायको रुपाली म्हणते, आपल्याकडे आज भाजी कुठली केली ते समोरच्या बिल्डिंगला तुमच्यामुळे कळतं.

चाकणला एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. ब्रेकचे पार्ट तपासतो. पार्ट रिजेक्ट झाला की आमच्याकडे त्याचं ‘व्हाय-व्हाय’ करतात. छापील फॉर्म असतो, त्यावर पाच वेळा ‘का’ विचारायचं. पार्ट का बिघडला? बरं, मग ते तसं का झालं? असं खणत गेलं की पाचव्या ‘का’ला खरं कारण हाती लागतं. एक नियम मात्र कडक आहे. ‘ऑपरेटरची चूक’, म्हणजे मशीनवरच्या माणसाची चूक, असं कारण लिहायचं नाही. लिहिलंत की साहेब कागद तोंडावर फेकतात.

तर आमची अनुया, नववीतली, गणितात चाळीसपैकी नऊ घेऊन आली. कबड्डीत म्हणाल तर आम्ही राहतो त्या अख्ख्या मोशीत तिच्यासारखी चढाई करणारी पोरगी नाही. हे मी बाप म्हणून सांगत नाही. बरं, बाप म्हणूनच सांगतोय. शाळेनं कळवलं की पुढच्या शनिवारी फेरपरीक्षा, चौदा मिळाले तर जिल्ह्याच्या स्पर्धेला नेऊ, नाहीतर टीममधून नाव कमी. दोन दिवस पोरगी धड जेवली नाही.

मी म्हटलं, रडून काय होणार, व्हाय-व्हाय करू. कोरा फॉर्म आणला आणि रविवारी सकाळी दोघं टेबलाशी बसलो. खरं कारण काय निघणार हे मला आधीच ठाऊक होतं. मोबाइल निघणार होता. नाहीतर मग त्या गणिताच्या पद्माबाई.

पेपरातलं पहिलंच उदाहरण घेतलं. पाच एक्स वजा सात बरोबर दोन एक्स अधिक आठ.

“उत्तर का चुकलं?”

“चिन्ह चुकलं.”

लिहिलं. “चिन्ह का चुकलं?”

“सात तिकडे नेला, पण त्याचं चिन्ह बदललं नाही.”

“का बदललं नाही?”

“कधी बदलायचं आणि कधी नाही, ते मला कळतच नाही. मी अंदाजानं करते.”

मी आतून तापायला लागलो होतो, पण फॉर्म भरताना तापायचं नसतं. “कधीपासून कळत नाही?”

“सातवीपासून.”

“दोन वर्षं? मग कुणाला विचारलं का नाहीस?” हा माझा चौथा ‘का’.

“विचारलं होतं. तुम्हाला.”

लसूण सोलता सोलता रुपालीचे हात थांबले. मला तर काही आठवत नव्हतं. तरी पाचवा ‘का’ विचारायचाच होता, म्हणून विचारला. “मग पुन्हा का नाही विचारलंस?”

अनुयानं माझ्याकडे न बघता सांगितलं, “तुम्ही ओरडलात. वही फेकली. मग मी कुणालाच विचारलं नाही.”

मी पेन घेतलं आणि घाईघाईनं लिहिलं, ‘विद्यार्थिनीनं लक्ष दिलं नाही.’

“पप्पा, ही ऑपरेटरची चूक झाली,” ती म्हणाली. “ते चालत नाही ना?”

रुपाली हसली. मला हसू आलं नाही. मी खाडाखोड केली आणि खरं कारण लिहिलं. माझ्याच अक्षरात, ‘वडील ओरडतात.’

एवढ्यावर सुटलो असं वाटलं, तर पोरगी विचारते, “आणि तुम्ही का ओरडता?”

“पाचच असतात,” मी म्हटलं.

“सांगा की.”

आता काय सांगू, राव? दहावीला मी गणितात दोनदा नापास झालेला, तिसऱ्यांदा काठावर सुटलेला. रुपालीलाही हे माहीत नव्हतं. पोरगी वही घेऊन आली की आता आपलं बिंग फुटणार असं वाटायचं. ओरडलं की ती निघून जायची, सुटका व्हायची.

“मला येत नाही म्हणून,” मी म्हटलं. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी कधी बोललो नसेन.

अनुयानं माझ्या हातातलं पेन घेतलं. मग फॉर्मवरच्या ‘उपाय’ या रकान्यात तिनं स्वतः लिहिलं, ‘उद्या बाईंना विचारणे. संध्याकाळी पप्पांना शिकवणे.’

सोमवारी ती खरंच विचारून आली. पद्माबाई म्हणे खूश झाल्या, वर्षभरात पहिल्यांदा हात वर केला म्हणून. संध्याकाळी माझा क्लास सुरू झाला. “पप्पा, सात कुठे जातबीत नाही. वजा सात घालवायला इकडे सात मिळवले, तर तिकडेही मिळवायचे. एका बाजूला दिलं की दुसऱ्या बाजूलाही द्यायचं. बास.” मी मान डोलावली, आणि दोन एक्स घालवताना पुन्हा घोळ घातला. तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा चुकलो. तिनं चौथ्यांदा सांगितलं, तेव्हाही तिचा आवाज पहिल्या वेळेसारखाच होता. मला लाज वाटली. एक्स बरोबर पाच आलं तेव्हा चाळिशीच्या माणसाचे डोळे भरून आले, आणि रुपाली कांदा चिरत होती, मी त्यावर ढकललं.

शुक्रवारपर्यंत रोज तिनं मला शिकवलं. मला शिकवताना ती कुठेतरी अडायची, दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून यायची.

फेरपरीक्षेचे पेपर पुढच्या सोमवारी मिळाले. जेवणाच्या सुट्टीत रुपालीचा फोन आला. एकवीस. मी कँटीनमध्ये असा ओरडलो की लोकांना वाटलं मला प्रमोशन मिळालं.

घरी आलो तर अनुया ग्राउंडवर, जिल्ह्याच्या तयारीला. मी चहा घेतला, तिची वही उघडली आणि पुढचं उदाहरण स्वतः घेतलं. अपूर्णांकाचं होतं. तिसऱ्या ओळीला अडलो. रुपाली म्हणाली, राहू द्या, उद्या बघा. पण मला आजच विचारायचं होतं. मी चपला घातल्या, वही काखेत मारली आणि ग्राउंडकडे निघालो.